दोन सूत फट

पहाटे साडेपाच

माळ्यावरच्या चार फळ्या खाली घेतल्या आणि खळ्यात बाकड्यावर आडव्या टाकल्या. बाय अजून झोपलेली. मेमधला रविवार, शाळेला सुट्टी, तिची आणि माझीही. मी प्राथमिक शाळेत शिकवतो. घरात मुलीला सगळे बायच म्हणतो, वय वर्षं नऊ.

फळ्या फणसाच्या. २०२१ च्या मेमध्ये तौक्ते वादळ इथून गेलं तेव्हा मागच्या परड्यातला कापा फणस मुळासकट आडवा झाला. त्या झाडाचे गरे घरातल्या चार पिढ्यांनी खाल्ले होते. त्याचं नुसतं सरपण करायचं मनाला पटेना, म्हणून ओंडका सॉ मिलमध्ये नेऊन इंचाच्या फळ्या पाडून आणल्या. इंचभर जाडी वाळायला साधारण एक वर्ष, हा आमच्या गावच्या मेस्त्रींचा हिशेब. मध्ये पट्ट्या घालून, हवा खेळेल अशा रचून ठेवल्या. म्हणता म्हणता पाच पावसाळे गेले. गेल्या आठवड्यात मशीनवर रंधून त्या पाऊण इंच जाडीवर आणल्या. कडा मात्र तशाच ठेवायला सांगितल्या. कडा बायसाठी.

आईच्या औषधांसाठी एक फडताळ करायचं आहे. भिंतीवर टांगायचं, दोन फळ्यांचं, दोन दारांचं. आजवर तिच्या गोळ्या, काढ्याची बाटली, गुडघ्याला लावायचं तेल हे सगळं ट्रंकेवरच्या टोपलीत असतं. टोपलीपर्यंत वाकायचं म्हणजे तिला आधी भिंत धरावी लागते.

पावणेसात

चहा झाला. बाय डोळे चोळत खळ्यात आली आणि फळीचा वास घेतला. "ह्याला गऱ्यांचा वास येत नाही," म्हणाली. पाच वर्षांनी कसा येणार? पण तिने तो शोधला, याचं मला बरं वाटलं.

पहिलं काम भिंतीपाशी. आई भिंतीला पाठ लावून उभी राहिली, मग वळून उजवा हात वर नेला. जिथे खांदा दुखायला लागला तिथे थांबली. बायने पेन्सिलने खूण केली. वरची फळी या खुणेच्या वर जाता कामा नये. मग सगळ्या बाटल्या जमिनीवर रांगेत मांडून बायने एकेक मोजली. सर्वांत उंच काढ्याची, साडेनऊ इंच. वहीत तिने बाटलीचं चित्र काढलं आणि शेजारी बाण.

"साडेनऊच्या बाटलीला साडेनऊचा कप्पा चालेल?" मी विचारलं.

तिने बाटली हातात धरून वर उचलली, थोडी तिरकी केली, खाली ठेवली. "नाही. काढताना ती वाकडी होते." खालचा कप्पा साडेदहाचा ठरला, मधला साडेसातचा, वरचा सहाचा.

सगळं फडताळ बाहेरून सत्तावीस इंच उंच, अठरा इंच रुंद. फळी नऊ इंच रुंदीची, म्हणून खोलीही नऊ इंच. आता आतल्या फळ्यांची लांबी किती, इथे बाय अडली. शाळेतली पट्टी सेंटिमीटरची. देशात मेट्रिक मापं १९५६ च्या कायद्याने आली, पण सुताराच्या बाकड्यावर आजही इंच आणि सूत चालतं. आठ सुतांचा एक इंच. सूत म्हणजे तीन मिलिमीटरहून किंचित जास्त. बाय बोटांवर पाऊण अधिक पाऊण करत बसली, तेवढ्यात आतून आईचा आवाज आला, "पाऊण दुणे दीड. अठरातून दीड गेले, साडेसोळा."

आई चौथीपर्यंत शिकली. तिच्या वेळी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी अशी सगळी अपूर्णांकांची पाढेमाळ तोंडपाठ करून घेत. मी ती वर्गात शिकवत नाही, अभ्यासक्रमातच नाही. पण फळीची जाडी दोन्ही बाजूंनी वजा करायची वेळ आली की पाऊणकी किती हाताशी असते, ते आज दिसलं. बायने आजीकडून पाऊण दाहे साडेसातपर्यंत म्हणवून घेतली आणि वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवली.

साडेआठ

आखणी आणि कापणी. गुण्या फळीच्या कडेला घट्ट टेकवायचा, पेन्सिल त्याला घासून ओढायची, आणि रेघ फळीच्या चारही अंगांनी फिरवून आणायची. रेघ जिथून निघाली तिथेच परत येऊन मिळाली तर आखणी बरोबर. बायची पहिली रेघ अर्धा सूत चुकली. तिने खोडली, पुन्हा मारली. तीन वेळा. मी घड्याळाकडे पाहिलं नाही. हे मी ठरवून केलं.

मला हे काम ज्यांनी शिकवलं ते मेस्त्री आता नाहीत. मी आठ-नऊ वर्षांचा असताना त्यांच्या मांडवात जाऊन बसायचो. त्यांनी मला पहिलं काम दिलं ते वाकडे झालेले खिळे सरळ करायचं. दगडावर खिळा धरायचा, हातोडीने हळू ठोकायचा, फिरवायचा, पुन्हा ठोकायचा. मी सरळ केलेला खिळा ते माझ्यासमोर उचलून एखाद्या खाटेच्या माच्याला मारत. त्यामुळे मला कळायचं की माझं काम त्या खाटेत गेलं. एखादा नीट नसला तर काही न बोलता तो परत माझ्या दगडावर ठेवत.

मुलांना खोटं काम दिलेलं लगेच कळतं. बाजूला बसवून एक फळकुट आणि चार खिळे दिले, "ठोक हो बाळा," म्हटलं, की ते दहा मिनिटं ठोकतं आणि उठून जातं. आपण त्याला कंटाळा म्हणतो. मला तो कंटाळा वाटत नाही. ते फळकुट कशातच जाणार नाही हे त्याला ठाऊक असतं. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नई तालीम मांडली, तेव्हा हस्तोद्योग शिक्षणाच्या मधोमध ठेवला आणि मुलांच्या हातून निघालेली वस्तू वापरात जाण्याजोगी, विकण्याजोगी असावी असा आग्रह धरला. त्यातल्या विकण्यावर तेव्हाही वाद झाला, आजही होतो. पण वस्तू वापरात गेली पाहिजे, हे म्हणणं मला शिक्षक म्हणून वीस वर्षांत दर वर्षी जास्त पटत गेलं आहे. कार्यानुभवाच्या तासाला केलेली कागदी फुलं दोन दिवस फळ्यावर टाचली जातात आणि मग केरात जातात. मुलं ती केरात जाताना पाहतात.

करवत. फळी शिकंजात आवळली. रेघेच्या बाहेरच्या अंगाने कापायचं, कारण पात्याच्या जाडीइतकं लाकूड करवत खाते आणि ते आपल्या मापातलं जाता कामा नये. पहिले चार-पाच हात मी मारून खाच पाडली आणि मूठ तिच्या हातात दिली.

"चेडवाच्या हातात करवत कित्याक दितंस?" आई ओटीवरून म्हणाली. "बोट कापून घेतल्यान मगे?"

"डावो हात मागे ठेवलोहा, आई."

डावा हात पाठीमागे, कमरेवर. हा आमच्यातला नियम. फळी धरायला शिकंजा आहे, म्हणून दुसऱ्या हाताचं तिथे काम नाही. बाय सुरुवातीला करवत दाबत होती, पातं अडकत होतं. "दाबू नको. तिला तिचं वजन पुरतं. तू फक्त लांब ने, लांब आण." सातव्या-आठव्या हाताला आवाज बदलला. खरखर होती तिची एकसारखी सरसर झाली. तिने माझ्याकडे पाहिलं, तिलाही तो फरक ऐकू आला होता. फळी तुटायला आली तेव्हा मी तुकडा खालून तोलून धरला, नाहीतर शेवटच्या रेषा फाटतात.

बाजूच्या दोन फळ्या साडेपंचवीस, वरची-खालची अठरा-अठरा, आतल्या दोन साडेसोळा, दारं सत्तावीस-सत्तावीस. आठ तुकडे. तीन तिने कापले, पाच मी. सव्वादोन तास लागले.

पावणेअकरा

कडा रंधायच्या. आधी लाकडाची रेषा कुठल्या दिशेने चढते ते पाहायचं. उलट्या दिशेने रंधा चालवला तर पातं रेषेखाली घुसतं आणि कड उचकटते. डोळ्यांना ते चटकन दिसत नाही, हाताला कळतं. बायला म्हटलं, मनी मांजरीच्या पाठीवरून हात फिरवतेस तसा फिरव. तिने डोळे मिटून दोन्हीकडून हात फिरवला आणि म्हणाली, "इकडून केस झोपतात." बरोबर तीच दिशा.

रंध्याचा पहिला हात लांब गेला आणि तपकिरी कडेतून पिवळाधमक पट्टा निघाला. फणसाचं लाकूड ताजं असताना असं पिवळं असतं, हवा आणि ऊन लागून पुढे तांबूस-तपकिरी होत जातं. पाच वर्षं माळ्यावर राहून वरून काळवंडलेली फळी आत तशीच होती. रंध्याच्या तोंडातून कुरळी साल निघत गेली, इतकी पातळ की तिच्यातून ऊन दिसावं. बायने ती कानात डूल म्हणून अडकवली आणि एका बाजूचं कानातलं घालून पुढची कड रंधली.

उजव्या बाजूच्या फळीची पुढची कड सर्वस्वी तिची. तिथे दार टेकणार. ती कड तिने वीस-पंचवीस हातांत काढली, आणि मला लांबूनच दिसलं की रंधा बाहेरच्या अंगाला कलतो आहे. उंची कमी, त्यामुळे कोपर वर राहतं. तिच्या पायाखाली मी एक चिरा ठेवला. पण तोवर ती दमली होती. शेजारच्या घरात रतांबे फोडायला बसले होते, तिकडून हाका आल्या. ती गेली.

दुपारी एक

जेवणं झाली. आठळ्यांची भाजी, भात, सोलकढी. बाय हात लालभडक करून आली होती, जेवून ओटीवर आईजवळ झोपली. मी खळ्यात आलो.

तिची ती कड शिकंजात तशीच होती. रंधा शेजारी. सहा हात मारले असते तर कड साफ झाली असती आणि तिला बहुधा कळलंही नसतं.

पण मागच्या वर्षीचं मला आठवत होतं. तिच्या पुस्तकांसाठी आम्ही एक छोटी घोडी केली होती. तिने पॉलिश पेपरने घासलेली बाजू खडबडीत राहिली होती. ती झोपल्यावर मी रात्री बसून ती गुळगुळीत केली. मनात तिला आनंद द्यायचंच होतं. सकाळी तिने त्या बाजूवरून हात फिरवला, थांबली, पुन्हा फिरवला. "हे मी केलेलं नाही," एवढंच म्हणाली. रागावली नाही, रडली नाही. त्या घोडीवर तिने एकही पुस्तक ठेवलं नाही. आज त्यावर माझी वर्तमानपत्रं असतात. ती रोज उचलताना ते वाक्य मला ऐकू येतं.

मी रंध्याचं पातं काढून त्याला धार लावली. मग दुसऱ्या फळीच्या, माझ्या वाट्याच्या कडा पुऱ्या केल्या. तिच्या फळीला हात लावला नाही.

सव्वातीन

बाय उठली. मी तिला काही सांगितलं नाही, फक्त गुण्या दिला आणि म्हटलं, कड बघून घे. तिने गुण्याचं एक अंग फळीच्या सपाटीला टेकवलं, दुसरं कडेवर ठेवलं, आणि फळी उन्हाच्या दिशेने डोळ्यांसमोर धरली. गुण्या आणि लाकूड यांच्या मधून उजेडाची एक बारीक पाचर दिसत होती. एका टोकाला केसाइतकी, दुसऱ्या टोकाला नखाइतकी.

ती बराच वेळ बघत राहिली. गुण्या मागेपुढे सरकवला, पाचर सगळीकडे होती. "बाबा, ऊन येतंय."

"हो."

"तुझ्या फळीला येतं?"

माझी फळी घेऊन तिने बघितलं. मधोमध किंचित येत होतं. तेही तिने मला दाखवलं, आणि ते मी रंधून काढलं. गुण्या बापाचीही बाजू घेत नाही, हे तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. माझ्या तोंडून "वाकडं झालंय" असं ऐकलं असतं तर ते माझं मत झालं असतं, आणि बापाच्या मताशी मुलगी भांडू शकते. उजेडाशी काय भांडणार? ती चिऱ्यावर उभी राहिली, कोपर खाली घेतलं, उंच राहिलेल्या अंगाला चार हात, मग पूर्ण कडेला दोन. पुन्हा गुण्या, पुन्हा ऊन. पाचव्या खेपेला पाचर मिटली. तिने फळी आजीला नेऊन दाखवली.

साडेचार

जोडणी. इथे तिचा हात माझ्याहून बरा चालला. हाताने फिरवायचं ड्रिल आहे माझ्याकडे, दात्यांच्या चाकाचं. आधी बारीक भोक, मग स्क्रू. स्क्रू साबणाच्या वडीवर घासून घ्यायचा म्हणजे तो लाकडात सहज उतरतो आणि फळी चिरत नाही. साबण लावायचं काम तिने कुणाला दिलं नाही. फेव्हिकॉल लावून, दीड इंची स्क्रू घालून, पाऊण तासात चौकट उभी राहिली आणि आतल्या दोन फळ्या बसल्या.

मग कर्ण. टेप एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात. एक कर्ण बत्तीस इंच पाच सूत, दुसरा बत्तीस इंच दोन सूत. बाजू सगळ्या बरोबर असूनही चौकट एका अंगाला झुकलेली. बायला हे पटेना. मग पाठ्यपुस्तकाचा पुठ्ठा उघडून, त्याची चौकट करून, दोन कोपरे दाबून दाखवलं. बाजू तेवढ्याच राहतात, कोन बदलतात, एक कर्ण वाढतो आणि दुसरा आखडतो. लांब कर्णाच्या दोन कोपऱ्यांवर आम्ही दोघं समोरासमोर बसलो आणि दाबलं. टेप लावला, पुन्हा दाबलं. दोन्हीकडे बत्तीस इंच साडेतीन सूत. फेव्हिकॉल ओला आहे तोवरच हे करता येतं. लगेच पाठीला ६ मिमी प्लाय ठेवून चुका मारल्या. तो प्लाय आता चौकटीला झुकू देणार नाही. चुका मारताना तिच्या अंगठ्यावर एक हातोडी बसली. तिने अंगठा तोंडात धरला, डोळ्यांत पाणी आलं, आणि उरलेल्या चुका तिनेच मारल्या.

सहा

दारं. एकेक अखंड फळीची, मागून दोन-दोन आडव्या पट्ट्या, फळी वाकू नये म्हणून. पट्टीतली स्क्रूची भोकं गोल न ठेवता कानशीने लांबट केली. लाकूड लांबीला जवळजवळ वाढत नाही, रुंदीला वाढतं. कोकणातल्या पावसात चार महिने हवा ओलीच असते, फळी ते पाणी पिते आणि फुगते. स्क्रूने तिला घट्ट जखडलं तर ती वाकेल किंवा चिरेल. लांबट भोकात स्क्रूला सरकायला जागा राहते.

बिजागऱ्या बाहेरच्या कडांना. दोन्ही दारं मिटली तेव्हा मधोमध दोन सूत फट. बायचा चेहरा उतरला. एवढं सगळं गुण्यात आणलं, उजेडाची पाचर मिटवली, आणि शेवटी बापाने एवढी फट ठेवली.

"ही चुकलीय," ती म्हणाली.

मी तिला देवघराचं दार दाखवलं. ते मेमध्ये करकर न करता मिटतं आणि दर पावसाळ्यात अडकतं, खांदा लावून उघडावं लागतं. खालच्या कोपऱ्याला कितीदा रंधा मारला आहे त्याच्या खुणा आहेत. फडताळाचं दार आजीला खांदा लावून उघडता येणार नाही. बाहेरच्या कडा बिजागऱ्यांनी धरलेल्या, म्हणजे दोन्ही दारं फुगतील ती मधल्या बाजूला. ती जागा आत्ताच ठेवायची. तिने ऐकून घेतलं. पटलं असं म्हणाली नाही, आणि मीही ओढून कबूल करून घेतलं नाही. पावसाला अजून वेळ आहे.

मुठीचं मात्र तिनेच काढलं. मी दोन गोल लाकडी मुठी आणून ठेवल्या होत्या. आईने एक धरून पाहिली. तिची बोटं सांध्यांत कडक झाली आहेत, चिमूट नीट होत नाही, मूठ सुटून गेली. बाय आजीच्या हाताकडे बघत होती. मग तिने चौथ्या फळीतला उरलेला पट्टीचा तुकडा उचलला आणि दारावर उभा धरला. "आजी, ह्याच्यामागे बोटं घाल." चार बोटं आत गेली आणि दार आलं. गोल मुठी डब्यात ठेवल्या. पट्टीच्या आतल्या कडा बायने पॉलिश पेपरने घासल्या, आधी ८० नंबर, मग १२०, मग १८०. दर खेपेला आजीचं बोट त्यावर फिरवून घेतलं.

साडेआठ

आज टांगायचं नाही. फेव्हिकॉलला रात्रभर वेळ द्यायचा. भिंत चिऱ्याची, तिच्यात लाकडी गिट्टी ठोकून मग स्क्रू, ते उद्या. जवसाचं तेलही उद्या. त्या तेलाच्या चिंध्या चुरगळून टाकायच्या नाहीत, उन्हात पसरून वाळवायच्या, कारण बोळा झालेली चिंधी आपोआप तापून पेट घेऊ शकते. हे बायला आजच सांगून ठेवलं.

भुसा झाडून एका गोणीत भरला, चुलीला होईल. रंध्याच्या पात्याला खोबरेल तेलाचा हात फिरवला. खारी हवा लोखंड ठेवत नाही. बायने कुरळ्या साली वेगळ्या काढून पिशवीत भरल्या आहेत, कशासाठी ते तिने सांगितलेलं नाही.

फडताळ ओटीवर उभं आहे. आईने त्यात अजून काही ठेवलेलं नाही, फक्त दोनदा दार उघडून मिटलं. मग बाय पेन्सिल घेऊन आली, आडवी पडून डाव्या दाराच्या आतल्या अंगाला, खालच्या कोपऱ्यात काहीतरी लिहू लागली. मी टॉर्च धरला. तारीख, आणि पुढे: फट २ सूत. त्याखाली तिने पट्टीने एक रेघ आखली, "आषाढ" लिहिलं, आणि पुढची जागा मोकळी सोडली.